कानामागचा अंगारा

रत्नप्रभा परबांचा माणसांवर विश्वास नव्हता असं कुणी म्हणू नये. विश्वास होता, फक्त तो तपासून घेतल्याशिवाय ती ठेवत नसे. पापलेटाचे कल्ले उचलून बघितल्याशिवाय तिने उभ्या जन्मात मासळी घेतली नव्हती. घाटकोपरच्या बाजारातल्या कोळणी तर ती लांबून येताना दिसली की शिळा माल आपणहून टोपलीच्या तळाशी सारत. खोबरेल तेलाच्या बाटलीवर ती काजळाची बारीक रेघ ओढून ठेवायची, म्हणजे कोण किती तेल घेतं ते कळावं. गावाला जाताना ट्रंकेच्या कडीत स्वतःचा एक केस अडकवून जायची. परत आल्यावर तो केस जागच्या जागी सापडला की तिला बरं वाटण्याऐवजी थोडं चुकल्यासारखंच व्हायचं. आणि विचारायचं मात्र कधीच कुणाला नाही. चोराला विचारून का कुणी चोरी पकडतं, असं तिचं म्हणणं.

तिचा नवरा धाकू परब याच्या अगदी उलट. गिरणी बंद पडल्यावर त्याने साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर बरीच वर्षं काढली, आणि त्या सगळ्या वर्षांत पावसाळ्यात जो मागेल त्याला छत्री दिली. एकही परत आली नाही आणि त्याने एकही परत मागितली नाही. "असूं दे गो, तो भिजलो असतो," एवढंच म्हणायचा. त्याच्या वाटणीचा संशयही आपल्यालाच घ्यावा लागतो, अशी रत्नप्रभेची तक्रार होती, आणि ती काही अगदीच खोटी नव्हती.

तो धाकू परब तापाचं निमित्त होऊन, छातीत कफ भरून, श्वास पुरेना म्हणून हॉस्पिटलात गेला आणि व्हेंटिलेटरवर पडला.

हॉस्पिटल जवळचंच, ट्रस्टचं. जुनं. भिंतींचा रंग उडालेला, लिफ्टला अजून हाताने ओढायची जाळी. आयसीयूच्या दाराबाहेर नातेवाइकांसाठी एक लांब लाकडी बाक होतं. आत धाकूच्या तोंडात नळी, नळीला मशीन, आणि मशीन त्याच्या वतीने श्वास घेत होतं. तिथल्या डॉक्टर ऋतिका वयाने लहान, बोलायला सरळ. पहिल्याच दिवशी त्यांनी रत्नप्रभेला आणि तिच्या मुलाला, सुशांतला, समोर बसवून सांगितलं, "फुप्फुसं खूप थकलीत. मशीन त्यांना बरं करणार नाही, मशीन फक्त वेळ देतं. मशीन सगळीकडे सारखंच असतं. त्या वेळात आजूबाजूची माणसं काय करतात, त्यावर सगळं असतं."

सुशांतने मान डोलावली. रत्नप्रभेच्या डोक्यात मात्र एवढंच शिरलं की मशीन सगळीकडे सारखंच असतं.

आत धाकूकडे बघायला बहुतेक वेळा ॲमांडा नावाची नर्स असायची. कुर्ल्याच्या जुन्या ख्रिश्चन गावातली मुलगी, ठेंगणी, मराठी आपल्यासारखंच फाडफाड बोलणारी. रोज दुपारी घटकाभर आत सोडायचे, तेव्हा ती आधी बेसिनकडे बोट करायची. "काकी, हात." रत्नप्रभा घरून अंघोळ करून, स्वच्छ लुगडं नेसून आलेली असायची. तिला तो अपमान वाटायचा. एकदा तर एक मोठे डॉक्टर घाईघाईने आत शिरले तेव्हा ही पोरगी त्यांनाही म्हणाली, "सर, हात." डॉक्टर निमूट मागे फिरले. रत्नप्रभेने ते बघितलं आणि मनाशी नोंद घेतली की पोरगी उद्धट आहे, कुणाचा मुलाहिजा ठेवत नाही.

आणखीही नोंदी होत्या. धाकू आयुष्यभर सपाट झोपलेला माणूस, उशीसुद्धा न घेणारा. इथे त्याची खाट डोक्याकडून कायम वर उचललेली, त्याची मान बिचारी एका बाजूला कललेली. त्याचे हात मऊ पट्ट्यांनी खाटेला बांधलेले.  आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्याला जागं करत. झोपेचं औषध रोज सकाळी बंद करत आणि ॲमांडा त्याच्या तोंडाशी वाकून ओरडायची, "काका, डोळे उघडा! माझा हात दाबा! दाबा बघू!" एकदा ते दुपारपर्यंत लांबलं आणि रत्नप्रभेने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. धाकू नळीवर खोकत होता, चेहरा लाल झाला होता, डोळ्यांच्या कडांतून पाणी वाहत होतं.  मग ॲमांडाने पडदा ओढला. "काकी, बाहेर थांबा जरा."

पडद्याआड काय चालतं ते कुणाला कळणार?

बाकावर तिच्या शेजारी मालन बसायची. भांडुपची, पन्नाशीची बाई. तिचा भाऊ धाकूच्या पलीकडच्या खाटेवर होता, तोही मशीनवर. मालन वाईट बाई नव्हती, फक्त घाबरलेली होती, आणि घाबरलेल्या माणसाला गप्प बसवत नाही. "माझ्या नणंदेच्या नवऱ्याचं असंच झालं," ती आवाज खाली करून सांगायची. "दुसऱ्या एका हॉस्पिटलात. आत कुणी बघतच नव्हतं. आपण जायच्या वेळेला तेवढं तोंड पुसून ठेवायचे. अंघोळ नाही, कूस बदलणं नाही. आपल्याला काय कळतंय हो? आपण बाहेर बसायचं, ते म्हणतील ते ऐकायचं."

रत्नप्रभेच्या मनात पाल आधीच चुकचुकत होती. आता ती तिथे ठाण मांडून बसली.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर तिने देव्हाऱ्यातली पितळी डबी काढली. तिच्यात गावच्या रवळनाथाचा अंगारा होता. गेल्या जत्रेला धाकूनेच आणलेला. दुसऱ्या दिवशी तिने चिमूटभर अंगारा पदराच्या टोकाला बांधून नेला. मनात देव होता, नाही असं नाही. नवरा नळीवर पडलेला असताना कुठली बाई देवाला विसरेल? पण देवाच्या जोडीला तेलाच्या बाटलीवरची काजळाची रेघही होती. ॲमांडाची पाठ वळल्याबरोबर तिने बोट चाटून तो अंगारा धाकूच्या उजव्या कानामागे लावला. नखाएवढा करडा ठिपका. कपाळावर लावला असता तर दिसला असता, दिखाऊ पुसापुशीत निघून गेला असता. कानामागे कुणाचं लक्ष जाणार नाही. ज्याला खरोखर अंघोळ घातली, कुशीवर वळवलं, त्याच्याच कानामागचा अंगारा जाईल.

दुसऱ्या दिवशी तिने हात धुतले, धाकूच्या केसांवरून हात फिरवल्यासारखं केलं आणि कान हळूच पुढे दुमडला. ठिपका होता. तिसऱ्या दिवशीही होता. त्यानंतरही होता, जसाच्या तसा, कडासुद्धा विस्कटलेल्या नव्हत्या.

कधी उजव्या कानाखाली टॉवेल नुसता गोल गुंडाळून ठेवलेला, जणू यांना एक धड उशी मिळत नव्हती. बाहेर येऊन तिने सुशांतला कोपऱ्यात ओढलं. सुशांत एका कुरिअर कंपनीच्या ऑफिसात कामाला, रजेवर रजा टाकून दमलेला.

"हंयसर काय बरा चालला नाय," ती म्हणाली. "तेंची आंघोळ सोड, कोणी कानामागसून हात पण फिरवलो नाय. मी खूण ठेवलेलंय."

"कसली खूण?"

तिने सांगितलं. सुशांतने कपाळाला हात लावला. "आई, तू आयसीयूमध्ये पण? अगं, सरळ विचारायचं ना त्या सिस्टरला."

"इचारून काय सांगतली ती? रोज पुसतो म्हणान सांगतली."

 बापाच्या डोळ्यांतलं पाणी त्यानेही बघितलं होतं. आपण कमी पडतोय का, हा किडा त्याच्याही डोक्यात होताच. त्याच्या ऑफिसातल्या कुणीतरी हायवेलगतच्या नव्या हॉस्पिटलचं नाव घेतलं होतं. काचेची इमारत, सगळं अद्ययावत. दोन दिवसांत ठरलं.

डॉक्टर ऋतिकांनी ऐकलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. "का हलवताय? आज सकाळी त्यांनी थोडा वेळ स्वतःचे श्वास घेतलेत. मशीनला विचारलंसुद्धा नाही. मला अजून दोन-तीन दिवस द्या, नळी काढायचा प्रयत्न करू. या अवस्थेत हलवण्यात धोका आहे, मी स्पष्ट सांगते."

गिऱ्हाईक उठून चाललं की दुकानदार असंच बोलतो, रत्नप्रभेच्या मनात आलं. आजच बरे श्वास घेतले? नेमके आजच? तिने सुशांतकडे बघितलं आणि सुशांतने स्वतःच्या जबाबदारीवर नेत असल्याची सही केली.

ॲम्ब्युलन्समध्ये चढवताना ॲमांडा खाली दारापर्यंत आली. ट्रॉलीवरून उचलायला माणूस कमी पडत होता, म्हणून सुशांतने बापाच्या पाठीखाली दोन्ही हात घालून त्याला उचललं. अंगातला हॉस्पिटलचा झगा मागून उघडा होता. पाठ ऊबदार लागली, आणि हलकी. ॲमांडा ॲम्ब्युलन्सच्या माणसाच्या कानाशी काहीतरी बोलत होती, धाकूच्या कानाकडे बोट दाखवत होती. रत्नप्रभा लांबून बघत होती. आता काय शिकवतेय त्याला ही, तिने मनात म्हटलं, आणि पदर खोचून पुढच्या सीटवर चढली.

काचेच्या हॉस्पिटलात गेल्यावर पहिल्यांदा तिच्या खांद्यावरचं ओझं उतरलं. दारात हिरवीगार झाडं, कॉफीचा वास, बसायला गुबगुबीत खुर्च्या. कोट घातलेली एक मुलगी "मॅम, काळजी करू नका" म्हणाली तेव्हा रत्नप्रभेला रडूच आलं. दुसऱ्या दिवशी तिला आत सोडलं. धाकू शांत झोपला होता. खाट सपाट, मान सरळ, घरी झोपायचा तसा. खोकला नाही, डोळ्यांत पाणी नाही, हातांना पट्ट्या नाहीत. दाढी केलेली, भांग पाडलेला. तिने कान दुमडून बघितला.

कान स्वच्छ होता. अंगाऱ्याचा कणसुद्धा नव्हता.

"बघलंस?" बाहेर येऊन ती सुशांतला म्हणाली. तिच्या आवाजात कितीतरी दिवसांनी जोर होता. "हेका म्हणतत बघणा."

त्यानंतर तिने खूण ठेवली नाही. एकदा खात्री पटली की ती पुन्हा तपासत नसे, हाही तिचा स्वभावच. आता ती जे बघायची ते तिला आवडायचं. इथे कुणी "काका, डोळे उघडा" म्हणून ओरडत नव्हतं. त्याला काका कुणी म्हणतच नव्हतं. "बेड नऊचे रिलेटिव्ह?" एवढंच विचारत, तेही अदबीने. रोज नवा चेहरा असायचा, सगळे तरुण, सगळे धावपळीत. कितीतरी खाटा आणि मोजक्या मुली. त्यांच्या हातांत निळे हातमोजे असायचे. ते हातमोजे बघून तर रत्नप्रभेला धन्यता वाटली. तिथे नुसते हात धूत बसायचे, इथे हातमोजे घालतात. तोच हातमोजा शेजारच्या खाटेवरून धाकूच्या नळीपर्यंत आलेला तिने दोनदा बघितला, पण बघूनही तिच्या मनात काही आलं नाही. आयुष्यभर डोळ्यांत तेल घालून जगलेली बाई, आणि ऐन वेळी तिने डोळे मिटून घेतले.

"बाबा डोळे का उघडत नाहीत?" सुशांतने एकदा एका डॉक्टरला विचारलं. आदल्या दिवशीचे डॉक्टर वेगळे होते.

"आरामात ठेवलंय त्यांना," डॉक्टर म्हणाले.

"आरामात असूं दे," रत्नप्रभा म्हणाली. "खूप सोसल्यानी."

मग ताप आला. मग इन्फेक्शन छातीत आहे म्हणाले, मग रक्तात गेलं म्हणाले, मग किडनीचं नाव निघालं. प्रत्येक वेळी सांगणारा माणूस निराळा, आणि प्रत्येकजण पहिल्यापासून विचारायचा, की यांना आधी काय त्रास होता. शेवटी एका दुपारी कोटवाल्या मुलीने दोघांना एका थंडगार खोलीत बसवलं, पाणी दिलं, आणि धाकू परब गेला असं सांगितलं.

घरी आणल्यावर बायका आत रडत होत्या आणि बाहेर गॅलरीत पडदा धरून पुरुषांनी त्याला शेवटची अंघोळ घातली. पाठीवर पाणी घालायला त्याला कुशीवर केलं, आणि सुशांतच्या हातातला तांब्या खाली पडला. कमरेच्या खाली, माकडहाडावर, तळहात मावेल एवढी जखम होती. काळी पडलेली, आत खोल गेलेली, कडेला जुना कापूस चिकटलेला. तांब्याच्या आवाजाने रत्नप्रभा बाहेर आली आणि कुणी अडवायच्या आत तिने ते बघितलं.

ती किंचाळली नाही. नवऱ्याच्या पायाशी बसली आणि म्हणाली, "मी सांगी होतंय ना? कोणी वळवल्यानी नाय तेंका. थंयच, त्या जुन्या हॉस्पिटलात. ही थंयचीच जखम. हेनीच ते गेले."

सुशांत पाठीवरून हळूहळू पाणी सोडत राहिला. त्याला काहीतरी आठवत होतं पण ते धरून ठेवता येत नव्हतं. समोर बाप होता, कानात आईचा आवाज होता, आणि कुणावर तरी राग काढल्याशिवाय जगता येणार नाही अशी ती वेळ होती. तो म्हणाला, "दिवस होऊ देत. मग बघतोच एकेकाला."

दिवस झाले. पिंडाला कावळा शिवला. घरात पाहुणे पांगले, आणि रत्नप्रभा इस्त्रीचं लुगडं नेसून उभी राहिली. "चल," ती सुशांतला म्हणाली. वाटेत तिने काय बोलायचं ते घोकलं होतं. त्या पोरीला सगळ्यांसमोर विचारायचं, माझ्या माणसाला एकदा तरी वळवलंस का? तिची नोकरी गेली तरी चालेल. जायलाच हवी.

दुपारची वेळ होती. तेच बाक, तीच जाळीची लिफ्ट. मालन कुठे दिसत नव्हती. सुशांतने आयसीयूची घंटा दाबली. दार उघडून ॲमांडाच बाहेर आली, हात पुसत. दोघांना बघून तिचा चेहरा उजळला, आणि रत्नप्रभेचं मोकळं कपाळ दिसल्याबरोबर उतरला.

"अरे देवा," ती म्हणाली. "कधी?"

रत्नप्रभेने तोंड उघडलं, पण पोरीने तिचे दोन्ही हात धरले. हात थंड होते, नुकते धुतलेले. ती सांगत सुटली.

"काकी, मला वाटलं होतं काका चालत येतील भेटायला. नळी निघालीच असती हो त्यांची. माझा हात एवढा दाबायचे! छातीत काही उतरू नये म्हणून खाट वर ठेवायचो, रोज सकाळी औषध थांबवून उठवायचो. खोकला तर असा जोराचा, म्हटलं हा माणूस नक्की उठणार. पलीकडच्या मालनबाईंचा भाऊ आठवतो? परवा घरी गेला, चालत. काकांचं सगळं त्याच्यापेक्षा बरं होतं." तिने डोळे पुसले. "आणि अंगारा? तो तरी राहिला का शेवटपर्यंत? मी ॲम्ब्युलन्सवाल्याला दाखवून सांगितलं होतं, कानामागे काकींनी देवाचं लावलंय, तिकडे सांगा, पुसू नका म्हणून."

रत्नप्रभा घोकून आणलेलं विसरली.

"तुका... तुला म्हाईत होता?"

"माहीत नसेल कसं? पहिल्याच दिवशी अंग पुसताना दिसला. म्हटलं, काकींनी बिचारीने लपवून लावलाय, आम्ही ओरडू म्हणून. आमच्या मम्मीचं पण असंच, कुणी आजारी पडलं की उशीखाली होली वॉटरची बाटली. मी ऋतिका मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, नळीपासून लांब आहे, राहू दे. मग आम्ही सगळ्यांनी एकमेकींना सांगून ठेवलेलं. कान पुसायचा तो भोवतीने पुसायचा, कापसाने. त्या कुशीवर वळवलं की उशीला घासून जाईल म्हणून टॉवेल गोल करून ठेवायचो, मध्ये कान. काकांना दर थोड्या वेळाने वळवायचो ना, जपावं लागायचं." ती ओशाळून हसली. "तुमचा विश्वास होता त्याच्यावर. म्हटलं, तो आमच्या हातून जायला नको."

तो गोल टॉवेल रत्नप्रभेला आठवला. एक धड उशी नाही यांच्याकडे, असं ती मनात म्हणाली होती. 

सुशांतला यातलं अर्धंच कळलं असावं, किंवा कळून घ्यायचं नसावं. तो आवाज चढवून म्हणाला, "आणि पाठीचं काय, सिस्टर? केवढी जखम होती बाबांच्या पाठीवर! हात जाईल एवढी! ती कुणाची?"

ॲमांडाने लगेच मान हलवली. "पाठीवर? काकांच्या? नाही हो. जायच्या दिवशी सकाळी मीच तेल लावलं पाठीला. साधा लाल डागसुद्धा नव्हता. तुम्हीच तर उचललंत ना त्यांना, ट्रॉलीवरून?"

सुशांतचे दोन्ही हात थोडे वर आले, काहीतरी उचलायला आल्यासारखे, आणि तिथेच थांबले. अंघोळीच्या वेळी जे आठवत नव्हतं ते आता आठवलं. उघडा झगा, ऊबदार पाठ, तळव्यांना लागलेला तेलाचा गुळगुळीतपणा. तो खाली बाकावर बसला. आईकडे न बघता म्हणाला, "काही नव्हतं गं आई. पाठीखाली माझेच हात होते. काहीच नव्हतं."

मग तो तोंड झाकून रडायला लागला, लहानपणी रडायचा तसा, खांदे हलवत.

रत्नप्रभेला रडू आलं नाही. ती सगळं उलट्या बाजूने पुन्हा बघत होती. वर उचललेली खाट, ओरडून केलेली उठवाउठव, खोकल्याने लाल झालेला चेहरा, बेसिनकडे दाखवलेलं बोट. यातल्या एकेका गोष्टीवर तिने बोट ठेवलं होतं, आणि प्रत्येक गोष्ट धाकूला घराच्या दाराकडे नेत होती. आणि तिकडे तो शांत झोपलेला, भांग पाडलेला, स्वच्छ कानाचा धाकू. दाढी करताना, भांग पाडताना कानही पुसला होता त्यांनी. जो भाग भेटायच्या वेळी दिसतो तेवढा पुसला होता. जन्मभर शिळी मासळी ओळखणारी आपण, आणि नवऱ्याच्या वेळी नुसत्या वरच्या खवल्यांची चकाकी बघून भुललो, हे तिला आता कळलं, आणि ते कुणाला सांगायचं तर तो माणूसच राहिला नव्हता. तो असता तर म्हणाला असता, असूं दे गो. ते आठवलं तेव्हा मात्र तिचा तोल गेला. ॲमांडाने तिला धरून मुलाशेजारी बसवलं, पाणी आणलं, पाठीवरून हात फिरवला. आत कुठलंतरी मशीन वाजायला लागलं तशी "आलेच हां, काकी" म्हणून ती आत पळाली. आत शिरताना बेसिनच्या नळाचा आवाज बाहेरपर्यंत आला.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक तरुण बाई बसली होती. प्रियंका तिचं नाव, ते नंतर कळलं. नवरा आत मशीनवर होता. तिने झालेलं सगळं ऐकलं नसावं, फक्त रडणं बघितलं असावं. ती सरकत जवळ आली आणि दाराकडे डोळे ठेवून कुजबुजली.

"काकी, तुमचं माणूस इथेच होतं ना? खरं सांगा हं. कशा आहेत या मुली? माझ्या मिस्टरांना रोज सकाळी उठवतात, एवढे खोकतात ते, बघवत नाही. त्या ठेंगण्या सिस्टरचं तर मला काही खरं वाटत नाही. पडदा लावून काय करते कळत नाही. माझा भाऊ म्हणतो, हलवूया. हायवेवर एक चांगलं हॉस्पिटल आहे, तुम्हाला माहितीये का?"

रत्नप्रभेने तिच्याकडे नीट बघितलं. पोरीच्या पदराच्या टोकाला गाठ होती. आत काय बांधलंय ते तिने विचारलं नाही.

"म्हाईत आसा," ती म्हणाली. "माझ्या घोवाक हेंनी जगवलेलो. मीच तेंका हंयसून त्या हॉस्पिटलात हलवलंय, आणि ते गेले."

प्रियंकाला बोलणं पुरतं कळलं की नाही कोण जाणे, पण तिचा हात पदराच्या गाठीवर गेला आणि तिथेच राहिला. आतून ॲमांडाचा आवाज आला, पुढच्या नातेवाइकांना बोलावणारा.

"जा," रत्नप्रभा म्हणाली. "आधी हात धू. मग मनात काय आसा, ता तिका सरळ इचार."